दारावरची घोंगडी

मला झोप यावी म्हणून आमची अख्खी चाळ गप्प बसली, आणि त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला.

थट्टा नाही करत. समोरच्या शेवंतीने आपला वाटणाचा पाटा गॅलरीतून उचलून पार जिन्याखाली नेला. रमाकांतभाऊंनी रेडिओ बंद ठेवला. घरात पाहुणा बसलेला असला तरी बातम्या बंद न करणारा माणूस तो. नळावर भांडणं व्हायची तीसुद्धा कुजबुजत. कुजबुजत भांडणाऱ्या बायका तुम्ही कधी पाहिल्यात? मी पाहिल्या, दाराच्या फटीतून. कारण माझ्या दारावर आमच्या ह्यांनी काळी घोंगडी टांगली होती, आणि लालबागच्या आमच्या चाळीत घोंगडी टांगलेल्या दाराचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आत तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलाय. आवाज करायचा नाही, कडी वाजवायची नाही, आत पाऊल टाकायचं तर मुळीच नाही.

हा रिवाज गिरण्या चालू होत्या तेव्हाचा. रात्रभर साच्यावर उभा राहिलेला माणूस सकाळी घरी यायचा, आणि खोली तर एकच. मग बाकीच्या सगळ्यांनी गॅलरीत पथारी मांडायची. घोंगडीने ऊनही अडायचं आणि शेजारीही. घरातल्या बाईने दाराबाहेर बसून तांदूळ निवडायचे आणि राखण करायची. ब्याऐंशीचा संप झाला, गिरण्या गेल्या, पण रिवाज काही गेला नाही. जयवंत म्हणजे आमचे हे. संपानंतर काही दिवस रिकामे बसले आणि पुढे रे रोडला लाकडाच्या वखारीवर रातपाळीचे वॉचमन झाले. म्हणजे ही घोंगडी मी त्यांच्यासाठी जवानीपासून केस पिकेपर्यंत टांगली आणि उतरवली. त्यांची नोकरी सुटली तशी ती पेटीत गेली.

आता पहिल्यांदा ती माझ्यासाठी लागली. का, तर मला कॅन्सर झाला. मी नाव घेऊन सांगते. चाळीत कुणी नाव घेत नाही, "कांताला ते झालंय" म्हणतात. ते म्हणजे काय, पाहुणा आहे? डाव्या बाजूला गाठ होती, परळच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, डोक्यावर एक केस नाही. झालं सगळं सांगून.

दुखणं एक, पण ते कशाने झालं हे सांगणारे पन्नास. शेवंती म्हणाली मिसरीने. तिला बोलायला काय जातं, ती माझ्याच डबीतली लावायची. कुणी म्हणालं गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवलाय त्याने. आमच्या जाऊबाई घोडपदेवहून मुद्दाम येऊन सांगून गेल्या, की गुणाच्या बारशाला माझी देवीची ओटी भरायची राहिली होती त्याने. गुणा आता पंचवीस वर्षांची झाली. देवीला इतक्या उशिरा आठवण झाली म्हणायची!

मी सगळ्यांना हसत होते. मग एके दिवशी रमाकांतभाऊंनी गॅलरीत पेपर वाचला. त्यांचं वाचन म्हणजे एकट्याचं नसतंच, तिन्ही मजल्यांना ऐकू जातं. "वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांना स्तनांच्या कॅन्सरचा धोका अधिक असण्याची शक्यता," असं वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गॅलरीतल्या सगळ्याच बायकांनी पाहिलं. कारण संप लांबला, ह्यांचा पगार थांबला, तेव्हा मी दादरला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाबाई म्हणून लागले होते. कायमची नाइट. दिवसाच्या जागा जुन्या बायकांनी धरून ठेवलेल्या. पोरं जन्माला येतात ती बरोबर रात्रीच, तेव्हा टेकायची सोय नाही. दवाखाना बंद होईपर्यंत, म्हणजे गुणा कॉलेजात जाईपर्यंत मी ते केलं.

मला तेव्हा हसू आलं नाही. माझं जे व्हायचं ते झालंच होतं. पण माझी गुणा रातपाळीला जाते.

गुणवंती माझी एकुलती एक. लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आहे, त्यात तिचं ऑफिस. परदेशातल्या लोकांचे फोन घ्यायचे. तिकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून कामच रात्रीचं. पोरगी हुशार, जिभेवर साखर. तिथे तिला विचारलं होतं, रात्रीच्या टीमची प्रमुख होतेस का? हो म्हटलं तर बढती, पण पुढची दोन-तीन वर्षं रात्र पक्की. नाही म्हटलं तर दिवसाची साधी जागा, तीही एकच रिकामी. सोमवारपर्यंत सांगायचं होतं. आणि ही कार्टी मला म्हणते कशी, "आई, तू सांग. तू म्हणशील तसं करते."

अगं, मला काय विचारतेस? मी कोण लागून गेले? पण तिचं आपलं तेच. माझ्याकडे बघायची आणि उत्तराची वाट बघायची.

म्हणून मला एकच गोष्ट पाहिजे होती. हो की नाही. मला हे रात्रींनी दिलं असेल तर पोरीला त्याच दिवशी हाताला धरून घरी आणते. नसेल दिलं, तर उगाच तिच्या बढतीवर पाणी का टाकू? एवढा सरळ सवाल. इतका शिकलेला डॉक्टर एवढं सांगणार नाही?

केमोच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना धरलं. त्या वयाने गुणाच्या थोड्या पुढे असतील, पण बसून बोलतात. हे माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन बसले होते.

मी म्हटलं, "बाई, मला एका शब्दात सांगा. हे रातपाळीने झालं का?"

त्या म्हणाल्या, "कांतामावशी, एका शब्दात नाही सांगता येणार."

"मग दोन शब्दांत सांगा."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बरीच वर्षं रात्रपाळी केलेल्या बायकांमध्ये हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. काही अभ्यासांत तसं दिसत नाही. रात्री उजेडात जागलं की शरीराचं घड्याळ बिघडतं, असा अंदाज आहे. पण हजार बायकांबद्दल बोलणं वेगळं. तुम्हाला एकटीला कशामुळे झालं, ते जगात कुणीच सांगू शकणार नाही."

"आणि मिसरी?"

"मिसरी लावता अजून?" त्या एकदम ताठ बसल्या. "ती आजच्या आज बंद. तोंडाचा कॅन्सर होतो तिने."

"पण ती मी जागं राहायला लावायचे. रात्री डुलकी लागू नये म्हणून. पहाटे भूक लागायची म्हणून वडे खायचे. सकाळी पाय उचलायचे नाहीत, म्हणून कुठे चालणं नाही, फिरणं नाही. मग अंग सुटलं. आता यातलं कशाने?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हाच तर घोळ आहे मावशी. या सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. आम्हालाही त्या सुट्या करता येत नाहीत." मग म्हणाल्या, की मुलीने मात्र आईला झालंय हे डॉक्टरला सांगून तपासणी वेळेवर सुरू करावी, तंबाखूला शिवू नये, वजन आटोक्यात ठेवावं, चालावं आणि झोप नीट घ्यावी. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा. झोप नीट घ्या."

बाहेर आल्यावर माझं डोकं आणखीच भंजाळलं. हो पण नाही, नाही पण हो. गुणाला जाऊन काय सांगू, थोडं हो?

पण ह्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं पकडलं. झोप नीट घ्या. घरी येऊन रमाकांतभाऊंशी खलबत झालं, आणि दोघांनी मिळून ठरवलं की कांताची इतक्या वर्षांची झोप तुंबली आहे, ती भरून काढली की दुखणं पळेल. झालं! पेटीतून घोंगडी निघाली. ह्यांनी गॅलरीत सगळ्यांना जाऊन सांगितलं, "कांतेक झोपेचा औषध दिला हा डॉक्टरानं. कोणी आवाज करूचो नाय." मी ओरडून सांगत होते, की तसं नाही म्हणाल्या त्या, पण माझं ऐकतो कोण? रोज सकाळी चहा झाला की मला आत लोटायचं, घोंगडी सोडायची, आणि हे बाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. चाळ चिडीचूप.

आता तुम्हीच सांगा, या बाईला झोप कशी यायची? उभ्या जन्मात मी दिवसा सलग झोपले नाही. सकाळी दवाखान्यातून आले की पाणी भरायचं, डबे करायचे, सासूचं आंघोळपाणी, मग ह्यांची रातपाळीची झोप राखत दाराबाहेर बसायचं. हे आत झोपलेले आणि मी बाहेर. तांदूळ निवडता निवडता सुपावर मान पडायची, तेवढीच माझी झोप. शिवाय सासूबाई म्हणायच्या, सवाष्ण बाईने दिवसा पाठ टेकली की घराला अवदसा येते. मी मानत नव्हते, पण टेकलीही नाही पाठ. आणि आता अंधारात एकटीला पाडून म्हणतात, झोप. मला तर गॅलरीतला कलकलाट असल्याशिवाय करमत नाही.

मग मी तिथे आढ्याकडे बघत पडायचे आणि तेच दळण दळायचे. रात्रीमुळे मिसरी, मिसरीमुळे दुखणं? की रात्रच? की सुटलेलं अंग? आमच्या दवाखान्यातली लक्ष्मी आयाबाई माझ्याबरोबर तितक्याच नाइट करायची, ती आज गावाला धडधाकट आहे. आणि तिथल्याच सिस्टर, तंबाखूला कधी बोट लावलं नाही, रोज शिवाजी पार्कला फिरायला, दिवसाची ड्यूटी, त्या गेल्या याच दुखण्याने. काही ताळमेळ आहे का? विचार करून करून डोक्याचा भुगा व्हायचा. रविवार आला. उद्या सोमवार, आणि माझ्याजवळ पोरीला सांगायला अक्षर नव्हतं.

गुणा या दिवसांत सकाळी घरी येत नव्हती. मला म्हणाली होती, "आई, तू आराम कर. मी सकाळी मैत्रिणीकडे झोपते, दुपारी जेवायला येते." मला बरं वाटलं होतं. एवढ्याशा खोलीत दोघी कशा झोपणार?

त्या रविवारी मला तहान लागली आणि आतलं मडकं रिकामं. ह्यांना हाक मारली तर ओ नाही. म्हणून घोंगडी बाजूला सारून बाहेर आले. हे खुर्चीत, पेपर छातीवर, घोरतायत. वा रे राखणदार! नळाकडे जायला जिन्यापाशी वळले आणि तिथेच थिजले.

जिन्याच्या वरच्या पायरीवर गुणा झोपली होती. बसल्या बसल्या. डोकं भिंतीला, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, पायात ऑफिसचे बूट, तोंड उघडं. भिंतीचा चुना केसांना लागला होता. येणारे-जाणारे तिला ओलांडून जात असणार. शेवंती पाट्याजवळून वर आली आणि कुजबुजली, "उठलंस कांता? अगो, ती रोज हंयच बसता. मैत्रिणीकडे दोन दिवस गेली, तिथे त्यांची माणसं आली म्हणे. मी म्हटलं माझ्याकडे झोप, तर माझ्याकडे पोरांचा धिंगाणा. दारावर घोंगडी बघून ती आत येत नाही. तुझी झोप मोडेल म्हणून. घरी सांगू नको म्हणाली."

माझ्या अंगात ताकद नव्हती, पण आवाज होता. तो मी काढला. आठवडाभर गप्प बसलेल्या चाळीने एकदम दचकून माना बाहेर काढल्या.

"उठा!" मी ह्यांच्या खुर्चीला लाथ मारली. "कुणाची झोप राखताय? पोर जिन्यावर पडलीय, दिसत नाही?"

हे धडपडत उठले, तिकडे बघितलं आणि चेहरा उतरला. पण बाप्या माणूस, चूक लगेच कशी कबूल करील? म्हणाले, "तरुण आसा ती. बसान झोपली म्हणून काय झाला? मी जन्मभर तिसरी पाळी केलंय, माका काय झाला?"

आणि तेव्हा माझ्या तोंडातून ते निघालं. ठरवून नाही, आपसूक निघालं.

"तुम्हाला काय होणार? तुम्ही आलात की ही घोंगडी टांगायला मी होते. दाराबाहेर बसायला मी होते. तुम्ही रातपाळी केली आणि झोपलात. मी रातपाळी केली आणि तुमची झोप राखली. मला कुणी होतं का हो? माझ्यासाठी ही घोंगडी एकदा तरी कुणी टांगली?"

रमाकांतभाऊंनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. शेवंतीने डोळ्याला पदर लावला. मीही रडले, कशाला खोटं बोलू? दुखण्याचं नाव ऐकलं तेव्हा नव्हते रडले, ते तिथे गॅलरीत रडले.

एवढ्या गोंगाटाने गुणा जागी झाली. मला उभी बघून घाबरली. "आई, तू का उठलीस? पडून राहा ना."

"चूप. चल आत."

तिला हाताला धरून आत आणलं, बूट काढायला लावले, माझ्या अंथरुणावर बसवलं. ती म्हणाली, "उद्या सोमवार. काय सांगू ऑफिसात?"

मी म्हटलं, "हे बघ गुणा, मला रात्रीने झालं की मिसरीने की आणखी कशाने, मला ठाऊक नाही. डॉक्टरणीलाही ठाऊक नाही. पुढे तुला काय होईल, काय नाही, तेही कुणाला ठाऊक नाही. पण तुझे डोळे बघ कसे खोल गेलेत ते मला दिसतंय. तू जिन्यावर झोपतेस ते दिसतंय. एवढ्यावरनं सांगते. दिवसाची जागा घे. बढती गेली तर जाऊ दे. रागव माझ्यावर हवं तर."

ती रागावली नाही. माझ्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागली. मी घाबरले. म्हटलं, एवढी हौस होती का बाई तुला त्या बढतीची?

"नाही गं," ती म्हणाली. "मला कधीची सोडायची होती रात्र. तुझं कळलं त्या दिवसापासून. पण मी सोडली असती तर तुला काय वाटलं असतं? की रात्रींनीच तुझं हे झालं असं मीही मानते. आई, त्या रात्री तू माझ्यासाठी काढल्यास. माझी फी त्यातनं भरलीस. त्या रात्री वाईट होत्या, असं मी तुला कसं दाखवू? म्हणून म्हटलं, तू सांग. तू सांगितलंस तरच."

मी उत्तर शोधत इस्पितळभर फिरले, आणि ही माझं मन राखत जिन्यावर झोपली. दोघी शहाण्या! मी तिच्या केसांतला चुना झटकला, उशी नीट केली आणि म्हटलं, "त्या रात्री वाईट नव्हत्या गं. झोप मिळाली नाही, ते वाईट होतं. आता झोप." बोलणं पुरं व्हायच्या आत ती झोपली होती.

मी बाहेर आले आणि घोंगडी पुन्हा नीट सोडली, खालपर्यंत, उजेडाची फट राहणार नाही अशी. हे तिथेच उभे होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी टेकले. मग आत न जाता ह्यांनीच शेवंतीकडून सूप मागून आणलं, तांदूळ मागून आणले, आणि हे दाराबाहेर जमिनीवर मांडी घालून निवडायला बसले. ह्या माणसाने जन्मात सूप हातात धरलेलं नाही. खडे राहत होते आणि तांदूळ फेकले जात होते. तरी मी सूप काढून घेतलं नाही.

नळावर बायकांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. शेवंतीचा पाटा वाजत होता. रमाकांतभाऊंनी बातम्या लावल्या, पण हळू आवाजात. गॅलरीत ऊन होतं, आणि किती दिवसांनी माझे डोळे जड व्हायला लागले. मान बाजूला कलली तेव्हा ह्यांनी आपला टॉवेल दुमडून माझ्या कानाखाली सरकवला.

कुणीतरी जिना चढून आलं आणि विचारलं, "काय रे जयवंता, आत कोण झोपलंय?"

"हळू बोल," मला अर्धवट झोपेत ह्यांचा आवाज ऐकू आला. "रातपाळीवाल्या दोगीय निजल्यो हत."